वाढत्या अंगाचा कोट

आमच्या लहानपणी कपडे घेण्याचं एकच शास्त्र होतं: वाढत्या अंगाचे घ्या. जूनमध्ये शाळेचा शर्ट यायचा. पहिल्या वर्षी मी त्या शर्टात राहायला असायचो. दुसऱ्या वर्षी तो बरोब्बर बसायचा, पण तोवर कोपरं विरलेली असायची. तिसऱ्या वर्षी तो धाकट्या भावाच्या अंगावर जायचा आणि तिथे पुन्हा वाढत्या अंगाचा व्हायचा. अंगाला नीट बसणारा नवा कपडा ही चीज आमच्या घरात कुणी पाहिलेली नव्हती.

आता मी 54 वर्षांचा आहे. अंग अजून वाढतंच आहे, फक्त दिशा बदलली आहे. पण वाढत्या अंगाचं काही द्या म्हटलं तर नाशिकच्या एकाही दुकानदाराला कळत नाही.

हे सगळं निघालं भाचीच्या लग्नावरून. लग्न डिसेंबरात, छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सवर. (नाशिककर ‘लॉन्स’ हा शब्द एकवचनी वापरतात. एक लॉन्स, दोन लॉन्स. यावर वाद घालायला कुणी येऊ नये.) डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो येतो, आणि त्या रात्री उघड्या लॉन्सवर बायका पैठणीवर शाल घ्यायची की पैठणी दिसू द्यायची या पेचात कुडकुडत असतात. अशा वेळी कोट हा दिखाव्याचा नाही, गरजेचा कपडा आहे. त्यात मी मुलीचा मामा. अंतरपाटाशी मुलीला घेऊन येणार मीच, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहणार मीच. म्हणजे नवऱ्यामुलीच्या प्रत्येक फोटोत माझा निदान एक खांदा येणारच. बहिणीनं बजावलं, “दादा, त्या खांद्यावर काहीतरी बरं घाल.”

घरात एक ब्लेझर होता, पण तो बाद झाला होता. पाच वर्षांपूर्वी मोठ्या सेलमध्ये घेतलेला. दोनदा ड्रायक्लीन केला आणि छातीवर पापडासारखे फोड आले. दुकानात विचारलं तर म्हणाले, “सर, सेलचा माल परत होत नाही.” मी परत करत नव्हतो, फक्त फोड कसले ते विचारत होतो. ते उत्तर मला पुढे एका वेगळ्याच माणसाकडून मिळालं.

तर आम्ही दोघं नवरा-बायको कॉलेज रोडवर गेलो. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, त्यामुळे पोचेपर्यंतच अर्धा कोट घामानं शिवून झाला होता. काचेचं दार ढकलून आत गेलो तर एक तरतरीत मुलगा पुढे आला.

“या सर. स्लिम फिट बघायचा की सुपर स्लिम?”

“साधा.”

“साधा म्हणजे?”

“म्हणजे सैल. आत माणूस मावेल असा.”

त्यानं आतल्या बाजूला हाक दिली, “दादाऽ, काकांसाठी कम्फर्ट फिट आहे का बघ!” दारातून आलो तेव्हा मी सर होतो. चार वाक्यांत काका झालो.

कम्फर्ट फिट आला. घातला. मुलानं पुढचं बटण लावलं आणि दोन पावलं मागे सरून, घाटावरच्या मूर्तीकडे बघावं तसा माझ्याकडे बघू लागला. “एक नंबर!” मी आरशात पाहिलं. बटणापासून चारी दिशांना चुण्या गेल्या होत्या. पोटावर कुणी गणिताच्या मास्तरांनी चूक उत्तराला मारावी तशी मोठी फुली. मी म्हटलं, “ही फुली कशाची?” मुलगा म्हणाला, “सर, सध्या फिटिंग असंच असतं.” पुन्हा सर झालो, म्हणजे कोट खपवायचा होता.

इथे आमच्या हिनं सूत्रं हातात घेतली. हिच्याबद्दल एक सांगायला हवं. याच लग्नासाठी ही येवल्याला जाऊन पैठणी घेऊन आली होती. अडीच तास. तिथे तिनं एकही पैठणी आधी सुलट बघितली नाही. पदर उलटा करायचा, मागच्या बाजूनं मोराचा डोळा बघायचा. हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. मागे धागे लोंबत असले की ती यंत्राची. हे ज्ञान घेऊन ती कॉलेज रोडवर आली होती. तिनं माझ्या अंगावरून कोट काढला आणि मुलाला म्हणाली, “हा उलटा करून दाखवा.”

“मॅडम, उलटा?”

“हो. सुलट तर सगळेच चांगले दिसतात.”

मुलानं आयुष्यात कोट उलटा केला नसावा. बाही आत ढकलता ढकलता तो स्वतःच अर्धा कोटात गेला. अस्तराची एक कड उचलून हिनं शिवण पाहिली, बोटाच्या पेरावर मोजली आणि मला म्हणाली, “पाव इंचसुद्धा माया नाही.”

मुलाला वाटलं हे माझ्याबद्दल आहे. तो खाली बघू लागला.

माया म्हणजे काय हे ज्यांच्या घरी शिवणयंत्र होतं त्यांना सांगायला नको. शिवण मारल्यावर आतल्या बाजूला जादा कापड राखून ठेवतात, ती माया. पुढे अंग वाढलं की शिवण उसवायची आणि मायेतून कपडा मोठा करायचा. जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत शिवणीतल्या जादा कापडाला हा शब्द असेल असं मला वाटत नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात मात्र माया म्हणजे वाया गेलेलं कापड. एका कोटामागे दोन बोटं वाचली की हजार कोटांमागे ठाण वाचतं. त्यामुळे ती कापून, कडेला ओव्हरलॉक मारून विषय संपवतात.

मग हिनं मला पुन्हा कोट घालायला लावला आणि म्हणाली, “अहो, आता अक्षता टाका.”

“इथे?”

“टाका हो. मंगलाष्टकं किती वेळ चालतात माहीत आहे ना?”

माहीत होतं. मंगलाष्टकं नावाला आठ. प्रत्यक्षात मुलीची आत्या, मुलाची मावशी आणि ज्यांना ऐन वेळी कागद सापडतो असे एक काका धरून ती चौदा-पंधरापर्यंत जातात, आणि प्रत्येक ‘सावधान’ला हात वर. मी भर दुकानात, नसलेल्या अक्षता, नसलेल्या वधूवरांवर टाकल्या. हातामागोमाग अख्खा कोट वर गेला. खांद्याची गादी कानाशी आली, मागची कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली, आणि पुढून शर्टासकट पोट जगाच्या भेटीला बाहेर आलं. पंधरा वेळा हे होणार, आणि फोटोग्राफर नेमका त्याच क्षणाची वाट बघणार.

“आता वाकून नमस्कार करा.” कुणाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी गल्ल्याच्या दिशेनं वाकलो. पाठीत कुठेतरी ‘टच्च’ असा बारीक आवाज झाला. गल्ल्यावरच्या मालकानं आशीर्वादही दिला नाही, फक्त मान वर करून पाहिलं.

मुलानं शेवटचा पत्ता टाकला. “सर, कापड बघा ना, सुपर 150 आहे!” हा आकडा ऐकून मी पूर्वी दबून जायचो. हल्ली वाचून ठेवलंय. लोकरीच्या कापडावरचा ‘सुपर’चा आकडा धागा किती बारीक आहे ते सांगतो, कापड किती टिकाऊ आहे ते नाही. उलट आकडा जितका मोठा तितकं कापड नाजूक. ज्याला रोज नाशिक-नाशिकरोड करायचं त्यानं 100-110च्या पुढे जाण्यात काही शहाणपण नाही. आणि मुळात तो आकडा लोकरीला लागतो. हिनं बाहीच्या आतल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. तिथे पॉलिएस्टर 65 टक्के लिहिलं होतं. ‘सुपर’ फक्त उरलेल्या 35 टक्क्यांत होता.

आम्ही बाहेर आलो. मुलगा दारापर्यंत सोडायला आला आणि “पुन्हा या काका” म्हणाला. प्रामाणिक पोरगा.

घरी आल्यावर मी माळ्यावर चढलो. वडिलांचा कोट तिथे होता हे मला माहीत होतं, पण तो घालता येईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्राचा नव्हे, नोटा आणि तिकिटं छापणारा. आयुष्यभर पैसे छापून पगारात भागवणारा माणूस. त्यांनी लग्नासाठी, 1971 साली, एकच कोट शिवला, तोही देवळाली कॅम्पात, फौजी अफसरांचे कपडे शिवणाऱ्या टेलरकडे. करड्या रंगाचा, तीन बटणांचा. त्या एका कोटावर त्यांनी स्वतःचं लग्न, दोन बहिणींची लग्नं, माझी मुंज, शाळेची गॅदरिंग आणि स्वतःचा निरोपसमारंभ पार पाडला. आत डांबरगोळ्यांचा चुरा होता, आणि आतल्या खिशाच्या कोपऱ्यात दोन अक्षता अडकल्या होत्या. कुणाच्या लग्नातल्या ते कळायला मार्ग नाही.

घालून पाहिला. पोटापाशी चार बोटं कमी पडत होता. पण बाकी सगळं असं काही बसलं होतं की मी दोन मिनिटं बोललोच नाही. हात वर केला, कोट जागच्या जागी. वाकलो, काही नाही. हिनं मोबाईलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, तर भाचीच्या भावाचा न्यू जर्सीहून लगेच फोन. “मामा, आजोबांच्या कोटाला हात लावू नका! इकडे याला सॅक कोट म्हणतात. लोक जुन्या बाजारात शोधत फिरतात.”

सॅक म्हणजे पोतं. लासलगावपासून तासाभरावर राहणाऱ्या माणसाला पोत्याचं कौतुक सांगायला अमेरिकेतून फोन यावा लागला! पण पोरानं पुढे जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. न्यूयॉर्कचं ब्रुक्स ब्रदर्स नावाचं दुकान आहे, 1818 सालचं. लिंकनवर गोळी झाडली गेली त्या रात्री त्याच्या अंगावर यांचाच कोट होता. विसाव्या शतकाच्या तोंडाशी त्यांनी हा सैल सूट बाजारात आणला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं अमेरिकेतले प्रोफेसर, वकील, बँकेतले कारकून सगळे त्याच पोत्यात वावरले. वैशिष्ट्य एवढंच की पुढे टक्स नाहीत. बायकांच्या ब्लाउजला असतात तसे टक्स घालून साध्या कोटाची कंबर आत घेतात. इथे कापड छातीपासून खाली सरळ उतरतं. खांद्यात गादी नावापुरती. तीन बटणं, त्यातलं वरचं लॅपलच्या वळणाखाली दडलेलं, खालचं कधी लावायचं नाही, म्हणजे कामाचं मधलं एकच. मागे एकच काप. पोट असलेला माणूस त्यात पोटाचा दिसत नाही, आणि काडीपैलवान काडी दिसत नाही.

मला एकदम जुने ग्रुप फोटो आठवले. शाळेच्या पायऱ्यांवर बसलेले धोतर-कोट-टोपीतले मास्तर. एकाचाही कोट कंबरेत आवळलेला नाही. खिशात खडू, तपकिरीची डबी, चष्म्याचं घर आणि दुसऱ्या खिशात घरी न्यायची भाजी, एवढं मावलं पाहिजे हा त्यांचा फिटिंगचा निकष. आणि आपल्याच जिल्ह्यातलं येवलं. त्या गावात 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. त्यांचे फोटो जरा कोटाकडे लक्ष देऊन पाहा. ऐसपैस कोट, मोकळी छाती, रुंद पँट. ज्या समाजाला धड कपडा घालू दिला जात नव्हता त्याच्या नेत्यानं उत्तम शिवलेला, भरपूर कापडाचा सूट घालणं हे भाषणाइतकंच बोलकं होतं. गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा कोट आजही आहे, आणि एकाही मूर्तिकाराला तो स्लिम फिट करायचं सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोट पिशवीत घालून मी मेनरोडच्या मागच्या एका गल्लीत गेलो. तिथे एक मास्तर बसतात. सत्तरीचे असतील. गळ्यात टेप, कानावर खडू, भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर. दुकान इतकं अरुंद की माप देताना गिऱ्हाइकानं आत आणि मास्तरांनी रस्त्यावर उभं राहायचं. त्यांनी कोट घेतला, काही न बोलता उलटा केला. हिची आठवण झाली. मग लॅपलच्या खाली कापड चिमटीत धरून दोन बोटांनी चोळलं.

“हे बघा साहेब. बाहेरचं कापड एक, आतलं पट्टीचं दुसरं, आणि मधे काहीतरी सुटं सरकतंय. लागलं बोटाला?”

लागलं.

“तो कॅनव्हास. हातानं टाचलेला. हल्ली तिथे चिकटपट्टी इस्त्रीनं डकवतात. डिंक उष्णतेनं सुटला की फोड.” पाच वर्षांनी मला माझ्या ब्लेझरचं निदान मिळालं, तेही फुकट.

मग त्यांनी कोटाच्या आतून एक धागा ओढला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला आणि बोटात नुसती राख उरली. “अस्सल लोकर. नायलॉन-बियलॉन असतं तर वितळून मणी झाला असता.” नव्या कोटाच्या दुकानात हा प्रयोग करू नये, असंही ते म्हणाले. कुणीतरी केला असावा.

मला कोट घालायला लावून ते रस्त्यात जाऊन उभे राहिले. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. मास्तर हलले नाहीत. “खांदा बघा. शिवण तुमच्या हाडावर संपते. खांदा बसला तर कोट बसला. पोट, बाही, उंची सगळं मला करता येतं. खांद्याला हात लावायचा म्हणजे कोट नवा शिवण्यासारखं.” मग भिंतीला खांदा टेकवायला लावला, आधी माझा खांदा टेकला पाहिजे, कोटाची गादी नव्हे. टेकला. मग म्हणाले, सैल कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, मात्र सैल नको. मुंढा लहान आणि काखेत उंच असेल तर हात एकटा वर जातो. खोल मुंढा असला की हात सगळा कोट घेऊन जातो. अक्षतांचं कोडं सुटलं. कॉलेज रोडचा कोट कंबरेत घट्ट आणि मुंढ्यात ढगळ होता, म्हणजे जिथे नको तिथे माप आणि जिथे हवं तिथे अंदाज.

“सैल म्हणजे मोठा नव्हे, साहेब,” मास्तर म्हणाले. “मोठा कोट मागून आणल्यासारखा दिसतो.”

रिक्षावाला एव्हाना उतरून बघायला आला होता. तोही म्हणाला, “भाऊ, पोटात कमी आहे.”

“पोटाचं बघू,” म्हणत मास्तरांनी पाठीतली मधली शिवण ब्लेडनं दोन इंच उसवली आणि अस्तराखाली बोट घालून आतलं कापड बाहेर ओढलं. ते येतच राहिलं. बाहेरचा करडा रंग इतक्या वर्षांत उडाला होता, पण आतली पट्टी 1971 सालच्या पावसाळी ढगासारखी गडद होती. त्यांनी टेप लावला.

“पाठीत दीड इंच. दोन्ही कुशींत एकेक. एवढी माया आता कुणी ठेवत नाही. कुणी शिवला हा?”

“वडिलांनी शिवून घेतला, देवळालीत.”

“त्यांचं पोट होतं?”

“मुळीच नाही. शेवटपर्यंत सडसडीत.”

“मग ही माया कुणासाठी ठेवायला सांगितली?” मास्तर सहज म्हणाले आणि खडूनं रेघा मारायला लागले.

अस्तर नवं घालायचं ठरलं. जुन्या शिवणीची एक फिकट रेघ पाठीवर दिसणार, वाफेची इस्त्री मारूनही पूर्ण जाणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. दुकानात पाठीचा आरसा दाखवणारे पुष्कळ भेटले. पाठीवरचा दोष आधी सांगणारे हे पहिलेच. बाहीवरची कंपनीची चिठ्ठी काढायची राहून जाते तेवढी काढा, असं त्यांनी मला उगाचच बजावलं. या कोटाला चिठ्ठी नव्हतीच. पण लग्नात निम्मे लोक ती बाहीवर मिरवतात आणि खिशांचे कच्चे टाके तसेच ठेवून वर्षभर खिसा खोटा आहे असं समजतात, त्याचा राग त्यांना कुणावर तरी काढायचा होता.

तुम्हीही कोट घ्यायला निघाला असाल तर घरातल्या बाईला बरोबर न्या, दुकानात बिनदिक्कत अक्षता टाकून बघा, आणि त्याआधी एकदा माळ्यावर चढा.

कोट काल आला. शिलाई, अस्तर धरून, अठराशे रुपये. पाठीवर रेघ आहे, पण मी मुलीच्या मागे उभा राहणार, माझ्या मागे फक्त नवऱ्यामुलाचे मित्र असतील. मधलं बटण आरामात लागतं. मास्तरांनी अर्धा इंच माया आत शिल्लक ठेवली आहे, आणि जेवणात जिलबी-मठ्ठा आहे.